आयपीओआधी कंपनी फुकट शेअर्स देतेय, घ्यावेत का? सल्ला हवा

हळदगाव:
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीतल्या एका प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. मुख्य कंपनी पुण्याची, अजून शेअर बाजारात लिस्टेड नाही. एचआरनं जुन्या लोकांना पत्र दिलंय: १,००० शेअर्स मोफत, आयपीओ (लोकांना शेअर्सची पहिली जाहीर विक्री) येतोय, महिनाअखेरपर्यंत संमतीपत्रावर सही करा. माझा पगार वर्षाला साडेसात लाख. बाबा म्हणतात, फुकट मिळतंय म्हणून कुठंही सही करू नकोस. बायको म्हणते, आत्ता नको म्हणालास तर परत कोण देणार? पुढच्या वर्षी पुण्याला नोकरी बदलायचंही डोक्यात आहे. काय करू?

कंदीपेढा_सातारा:
बिनधास्त घ्या. खिशातनं काही जात नाही.

मिरजकर_सीए:
कंदीपेढा, जाऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहितो. नोकरीमुळं मिळालेले शेअर्स प्राप्तिकर खातं पगारातच धरतं. वाटपाच्या वेळी शेअरची जी किंमत असेल, त्यातून तुम्ही भरलेले पैसे वजा करून उरलेली रक्कम उत्पन्नात मिळवतात. कंपनी लिस्टेड नसेल तर ती किंमत मर्चंट बँकर (सेबीकडं नोंदणी असलेली वित्तसंस्था) काढून देतो. समजा १८० रुपये निघाली, तर हातात रुपया न येता उत्पन्न १,८०,००० रुपयांनी वाढलं. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या मॅनेजरला यावर उपकरासह ५६,१६० रुपये कर बसेल, आणि कंपनी तो पगारातूनच कापेल. पुढं आयपीओ आलाच नाही किंवा भाव ९० वर आला, तरी तो कर परत मिळत नाही. विकून झालेला तोटा पगारातून वजाही करता येत नाही.

हळदगाव, तुमचं गणित मात्र वेगळं आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळं कर शून्य होतो. तुमचे साडेसात अधिक हे एक लाख ऐंशी हजार, तरी तुम्ही आतच. जुनी प्रणाली निवडली असेल तर हे लागू नाही, ते आधी तपासा. आणि लिस्टेड नसलेले शेअर्स जवळ असले की आयटीआर-१ हा विवरणपत्राचा सोपा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो.

विश्रामबाग_सीएस:
मी कंपनी सेक्रेटरीचं काम करते. मला ‘मोफत’ हा शब्दच खटकतोय. स्वेट इक्विटी (कामाच्या मोबदल्यात सवलतीत दिलेले शेअर्स) सोडली तर कंपनीला कर्मचाऱ्यांना दर्शनी किमतीच्या, म्हणजे शेअरच्या मूळ ठरलेल्या किमतीच्या, खाली नवे शेअर्स देता येत नाहीत. स्वेट इक्विटी असेल तर ती तीन वर्षं विकता येत नाही. प्रवर्तक (कंपनीचे मूळ मालक) स्वतःचे शेअर्स देत असतील, तर मुख्य बाजारातल्या आयपीओनंतर साधारणपणे सहा महिने लॉक-इन, म्हणजे तोवर विकता येत नाहीत. ईसॉप (कर्मचाऱ्यांना पुढं ठरलेल्या किमतीत शेअर्स घेण्याचा हक्क देणारी योजना) असेल आणि आयपीओच्या कागदपत्रांत त्याची पूर्ण माहिती दिली असेल, तर ते लॉक-इन लागत नाही. म्हणून दादा, पत्रात नेमका कुठला शब्द आहे ते बघून सांगा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या वेबसाइटवर कंपनीचा डीआरएचपी (आयपीओआधीचा माहितीपत्रकाचा मसुदा) आलाय का तेही बघा. तिथं काहीच नसेल तर ‘आयपीओ येतोय’ हे सध्या नुसतं बोलणं समजा.

हळदगाव:
ताई, पत्र पुन्हा नीट वाचलं. ‘१,००० ऑप्शन्स, किंमत प्रत्येकी १० रुपये, एक वर्षानं हक्क, त्या तारखेला सेवेत असणं आवश्यक’ असं आहे. डीआरएचपी सापडला नाही.

विश्रामबाग_सीएस:
मग हे शेअर्स नाहीत, पुढं शेअर्स घेण्याचा हक्क आहे. आज सही केल्यानं कर लागत नाही. वर्षानंतर तुम्ही १०,००० रुपये भरून शेअर्स घ्याल तेव्हा लागेल, आणि तेव्हाही नको म्हणायला तुम्ही मोकळे. म्हणून माझं मत सही करा, पण संमतीपत्रात ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याची अट घुसडलेली नाही ना, ते ओळ न ओळ वाचा. योजनेची पूर्ण प्रत लेखी मागा. नोकरी सोडल्यावर किती दिवसांत हक्क वापरायचा, ते तिथंच लिहिलेलं असतं. वर्षाच्या आत सोडलीत तर सगळे ऑप्शन्स जातात.

मिरजकर_सीए:
सहमत. फक्त या हजार ऑप्शन्सपायी पुण्याची चांगली नोकरी नाकारू नका. तिकडचा वाढीव पगार दर महिन्याला खात्यात येईल. आयपीओची तारीख तुमच्या हातात नाही.

हळदगाव:
योजनेच्या प्रतीसाठी आजच एचआरला मेल टाकला. नोकरी न सोडण्याची अट नसेल तर सही करतो. वर्ष भरल्यावर किंमत किती निघते ते बघून १०,००० भरायचे की नाही ठरवीन. बाबांना वरचे प्रतिसाद वाचून दाखवले, त्यांचाही आता विरोध नाही.