भोसरीतलं मशीन शॉप आणि कर्णबधिर ऑपरेटर: फ्लोअरवर काय बदलावं लागेल?

जॉबवर्क_भोसरी
नमस्कार. भोसरी एमआयडीसीत ४५ जणांचं युनिट आहे, सहा व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन) आणि तीन सीएनसी लेथ. ऑपरेटरच्या जागेसाठी आलेला एक आयटीआय टर्नर पूर्ण कर्णबधिर आहे. ट्रायलला दिलेला जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, मापात निघाला. सुपरवायझर म्हणतो, मशीनवर धोका आहे, पॅकिंगला घेऊ. मला ते पटत नाही. ऐकू येत नसल्याने लेथवर नेमकं काय अडतं आणि त्यावर उपाय काय? कायद्याचंही सांगा.

टूलरूम_पिंपरी
तुमचा आत्ताचा ऑपरेटर कानाने काय काय ओळखतो, ते आधी लिहून काढा. सायकल संपल्याचा बझर, इन्सर्ट (टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा) तुटल्यावर बदललेला आवाज, ड्रिलची किरकिर, बंद पडलेलं कूलंट (टूल थंड ठेवणारं द्रव), मागून येणारी फोर्कलिफ्ट. एवढंच निघेल, आणि यातलं प्रत्येक डोळ्याला दाखवता येतं.

टॉवर लॅम्प, म्हणजे मशीन चालू की थांबलं ते दाखवणारा रंगीत दिवा, मशीनवर असतोच, पण तो बहुतेक वेळा वर मागच्या बाजूला. ऑपरेटर मशीनकडे पाठ करून डीबरिंग (जॉबच्या धारदार कडा घासणं) करत असेल तर दिसणार कसा? त्याच आउटपुटवरून २४ व्होल्टचा दुसरा दिवा डीबरिंगच्या टेबलावर, नजरेच्या उंचीला आणा. एक रिले आणि काही मीटर वायर, एवढंच काम. गुरुवारी वीकली ऑफला करून घ्या.

टूलसाठी स्पिंडल लोड मीटर वापरा, म्हणजे स्पिंडलवर किती ताण येतोय ते स्क्रीनवर दाखवणारा आकडा. नव्या इन्सर्टला समजा ३५ टक्के लोड दिसतो आणि इन्सर्ट संपत आला की ५० होतो, तर ४५ ला थांबायचं, असं त्या जॉबच्या सेटअप शीटवरच लिहा. आकडा प्रत्येक जॉबचा वेगळा, तो स्वतः मोजून घ्या. सोबत टूल लाइफ काउंटर चालू ठेवा. कूलंट लाइनला फ्लो स्विच लावून अलार्मला जोडा. खरं तर हे सगळ्याच मशीनवर हवं. कानाच्या भरवशावर टूल चालवला की कान असलेल्यांचाही जॉब रिजेक्ट होतो.

सेफ्टी_चाकण
मशीनपेक्षा मला गँगवेची (मशीनमधल्या ये-जा करायच्या वाटेची) काळजी जास्त वाटते. फोर्कलिफ्टचा हॉर्न त्याच्यासाठी नसल्यातच जमा. फोर्कलिफ्टला निळा स्पॉट लाइट लावा, तो काही मीटर पुढे जमिनीवर पडतो. वळणावर बहिर्वक्र आरसा, आणि चालायच्या पट्टीला रेलिंग.

फायर अलार्मला लुकलुकणारा दिवा जोडा, सेकंदाला एक-दोन वेळा पेटणारा. तीनच्या वर नको, काहींना फिट येऊ शकते. हे दिवे शॉपमध्ये लावतात आणि टॉयलेट, चेंजिंग रूम विसरतात. माणूस तिथे एकटा असतो, सांगायला शेजारी कोणी नसतो. तिथे आधी लावा.

आणखी एक. थोडं ऐकू येणारा, श्रवणयंत्र वापरणारा कोणी असेल तर यंत्र म्हणजे इअरमफ नव्हे. उरलेलं ऐकणं आवाजाने आणखी जातं, त्यामुळे त्यालाही संरक्षण द्यायचंच.

एचआर_कायदा
४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांना आहे, तुम्हाला नाही. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण खासगी युनिटलाही लागतं, आणि त्याची प्रत राज्य आयुक्तांकडे नोंदवायची असते. दिव्यांग आयुक्तालय पुण्यातच आहे. २० किंवा जास्त माणसं असल्याने दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, सोयी, संपर्क अधिकारी हे सगळं धोरणात यायला हवं. 'ईएसआय'ची (कर्मचारी राज्य विमा) पगारमर्यादा एरवी २१,००० आहे, दिव्यांगांना २५,०००.

कागद मात्र सोपा. चूक होते ती पुढे: भरती ऑपरेटर म्हणून होते आणि स्किल मॅट्रिक्सवरचं (कोणाला कोणतं काम किती येतं त्याचा तक्ता) त्याचं वर्तुळ वर्षानुवर्षं पाव भागच भरलेलं राहतं, कारण सेटिंग शिकवायला कोणी बसत नाही. शिकवणाऱ्याचं नाव आणि तारीख आजच मॅट्रिक्सवर लिहा.

जॉबवर्क_भोसरी
मनापासून आभार. नाइट शिफ्ट द्यावी का? आणि सूचना मराठीत लिहून दिल्या की भागेल ना?

सेफ्टी_चाकण
नाइट द्या, भत्ता त्याचाही हक्काचा आहे. फक्त लाइट गेली की डीजी (डिझेल जनरेटर) सुरू होईपर्यंत खुणा दिसत नाहीत, म्हणून मशीनजवळ बॅटरीवरचा इमर्जन्सी दिवा हवा.

टूलरूम_पिंपरी
लिहून देण्याबद्दल जरा जपून. ज्याची पहिली भाषा खुणांची आहे, त्याला लांबलचक मराठी वाक्यं अवघड जाऊ शकतात. एका पानावर चार फोटो, बाणाने दाखवलेलं माप, शेजारी खिळ्याला टांगलेला एक ओके आणि एक रिजेक्ट जॉब. शिफ्ट बदलताना ऑफसेट (माप जुळवायला मशीनला दिलेली दुरुस्ती) काय दिला ते बोर्डावर आकड्यात. सुपरवायझरने समोर, उजेडात उभं राहून सांगायचं, आणि समजलं का असं विचारण्यापेक्षा एकदा करून दाखवायला सांगायचं. मान सगळेच हलवतात.