मदत हवी आहे: पेंटबॉल मार्करची बॉडी मागून १० मिमी कापायची आहे

मंडळी, माझ्याकडे .६८ कॅलिबरचा जुना ब्लोबॅक मार्कर आहे (रंगाच्या गोळ्या उडवणारी गॅसची बंदूक, फायरनंतर गॅसच्याच धक्क्याने परत कॉक होणारी), अ‍ॅल्युमिनियम बॉडी, वर गोळी पुढे ढकलणारा बोल्ट आणि खाली व्हॉल्व्हवर आपटणारा हॅमर. मागचा भाग खांद्याला टोचतो, म्हणून तो १० मिमी कमी करायचाय. पुढून कापणार नाही, बॅरलचे आटे जातील.

गॅस पूर्ण काढून, सगळं खोलून व्हर्निअरने मोजलं. कॉक केल्यावर हॅमर आणि मागच्या प्लगमध्ये (मागचं तोंड बंद करणारं आट्यांचं बूच) २४ मिमी राहतात. त्या दोघांमधल्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले की ती १५ मिमी होते. म्हणजे मोकळे फक्त ९, आणि फायर झाल्यावर हॅमर सिअरच्याही (त्याला मागे अडकवून धरणारा खटका) थोडा मागे जातो. तेवढी जागा ठेवली नाही तर तो परत अडकणारच नाही, हीच खरी भीती आहे.

हिंगणा एमआयडीसीतला लेथवाला कापून आत नवे आटे पाडायला तयार आहे, पण त्याच्याकडे मेट्रिक टॅपच आहेत, प्लगचे आटे इंची. नवी बॉडी घ्यायची नाही. वेग मोजायला क्रोनोग्राफ मिळेल, ३०० फूट प्रति सेकंदाच्या आतच ठेवणार. सीओटू वापरतो, आणि नागपूरच्या मेमध्ये त्याचा दाब किती चढतो ते माहीत आहेच, म्हणून भिंत पातळ करायची नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: सिअरच्या मागे हॅमरला किमान किती मिमी सोडायचे, आणि स्प्रिंग आखूड करावी की प्लगच आतून पोखरावा?