हजेरी नाही म्हणून पहिला कम्युनियन नाही: ऊसतोडीच्या लेकरांनी करायचं काय?

बालाघाटचा_पोऱ्या

आमच्या कॅथलिक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत (नाव लिहीत नाही, बीड जिल्ह्यातला आहे एवढं पुरे) यंदा नियम निघाला. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला ७५ टक्के हजेरी नसेल, तर लेकराला पहिला कम्युनियन, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ख्रिस्तशरीर म्हणून देतात ती पवित्र भाकर पहिल्यांदा, मिळणार नाही. वर्ग जूनमध्ये सुरू होतो आणि ईस्टरच्या आधी संपतो.

आता आमच्याकडचं वर्ष बघा. मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिथं कारखाना असेल तिथं, आणि गुढीपाडव्याच्या आगंमागं परत येतात. म्हणजे आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), नाताळ, राखेचा बुधवार, त्यानं सुरू होणारा ईस्टरआधीचा उपवासकाळ, सगळं फडात, उसाच्या शेतात. अशा घरातल्या लेकराची हजेरी ५० टक्केसुद्धा भरत नाही. ते यंदा बसलं नाही तर पुढच्या वर्षीही बसणार नाही, कारण पुढच्या वर्षीही ऊस असणारच.

माझं मत सरळ आहे: हजेरी मोजू नका, लेकराला काय समजलं ते बघा. पोप दहावे पायस यांनी १९१० साली हेच केलं. तोवर बऱ्याच ठिकाणी लेकरं दहा-बारा वर्षांची होईस्तोवर थांबवत. त्यांनी वय सातच्या आसपास आणलं आणि अट ठेवली ती इतकीच, की लेकराला आपल्या कुवतीप्रमाणं श्रद्धेची मुख्य सत्यं कळावीत आणि ही भाकर रोजच्या भाकरीसारखी नाही हे ओळखता यावं. त्यात हजेरीपट कुठं आला?

धर्मशिक्षिका_जालना

दादा, मी हे वर्ग घेते, म्हणून जरा तिखट लिहिते.

तुमचं १९१० बरोबर आहे, पण अर्धं आहे. आजच्या धर्मसभेच्या (चर्चच्या) कायद्याचं ९१४ वं कलम पूर्ण वाचा. लेकरांची तयारी करून घेणं हे आधी आईवडिलांचं आणि मग धर्मगुरूंचं काम, असं ते सांगतं. पण ज्याची पुरेशी तयारी नाही असं वाटेल, त्याला पुढं येऊ द्यायचं नाही हीसुद्धा धर्मगुरूंचीच जबाबदारी, हेही तिथंच लिहिलंय. फादरांनी नियम काढला तो हौसेनं नाही.

आणि नियम काढून टाकला तर फायदा कुणाला होईल सांगू? ऊसतोडवाल्यांना नाही. शहरातल्या घरांना, ज्यांच्या लेकरांचा रविवार नवोदय आणि स्कॉलरशिपच्या क्लासला जातो. "घरीच शिकवतो की आम्ही" असं मला सांगणारे हेच. परवा अशाच एका मुलीला विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना) म्हणायला सांगितला, तर तिनं शाळेतली प्रतिज्ञा सुरू केली. हसू नका, मला रडू आलं होतं.

घरी शिकवा म्हणणं सोपं आहे. फडात पहाटे अंधारात उठायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री वाहन आलं की भरायचं. कोपीत (फडावरच्या झोपडीत) कोण कुणाला शिकवणार?

माय_मरिया_पाथरी

ताई, आमच्या कोपीत सासू शिकवायची. लई नाही. चूल पेटवताना 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आन् झोपताना पाच नमो मरिया. माझ्या तिन्ही लेकरांना ते यायचं. पण वर्गात कामून नाही आले, एवढंच विचारलं त्यांना. काय येतं ते कुणीच विचारलं नाही.

गोदाकाठ

संभाजीनगरचं कॅथेड्रल (बिशपांचं मुख्य चर्च) कुणाच्या नावाचं आहे? संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या. आपल्या भागात मिशनचं काम उभं केलं त्या फ्रान्सेलियन धर्मगुरूंचा संघही त्यांच्याच नावाचा, १८३८ साली आजच्या फ्रान्समधल्या अ‍ॅनसी इथं स्थापन झालेला. घोगरगावसारख्या गावांतून तेच पायी आणि बैलगाडीनं फिरले.

या संतानं भक्तिजीवनावर १६०९ साली पुस्तक लिहिलं, ते मठवासीयांसाठी नव्हे तर संसारी माणसांसाठी. त्यात तो विचारतो, कारागिरानं मठातल्या संन्याशासारखा सगळा दिवस मंदिरात घालवला तर ती भक्ती हास्यास्पद होणार नाही का? ज्याच्या त्याच्या धंद्याला, ताकदीला, जबाबदारीला जमेल अशी भक्ती हवी. त्या संताच्या नावाचं कॅथेड्रल असलेल्या धर्मप्रांतात (बिशपांच्या हद्दीत) कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याच्या लेकराला शहरी शाळेचं वेळापत्रक लावायचं, हे मला तरी विसंगत वाटतं.

दुसरं, पूर्वी मिशनच्या शाळेचा मास्तर गावातच राहायचा. दिवसा पाढे आणि संध्याकाळी त्याच ओट्यावर प्रार्थना. गावोगाव सरकारी शाळा आल्या, चांगलंच झालं, पण मास्तर गेला आणि त्याच्या जागी आला रविवारचा एक तास. तो तास सगळं करेल अशी अपेक्षाच चुकीची.

जॉर्ज_नाही_जॉर्ज्या

मी वेगळं बोलतो, शिव्या खाईन. अडचण हजेरीची नाहीच. आपल्या लोकांत भक्ती मोप आहे, शिकवण शून्य. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीला (मरियामातेला) टेम्पो भरून जायचं, मेणबत्त्या, नवस, डोकं टेकलं की झालं. मिस्सेत वाचन कुठलं झालं विचारा, सांगता येत नाही. मग पोरं मोठी झाली की दुसऱ्या पंथाच्या शुक्रवारच्या प्रार्थनासभेला जातात. तिथं कुणीतरी बायबल उघडून विचारतो, "मरियेची माळ कुठं लिहिलीय?" आणि आमचा पोरगा गप्प. दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालेला पोरगा! उलट ९० टक्के करा हजेरी.

गोदाकाठ

जॉर्ज्या, नवसाला हसू नकोस. पोप सहावे पौल यांनी १९७५ सालीच लिहिलंय, की लोकभक्तीला मर्यादा असतात, ती कधी कधी अंधश्रद्धेकडं झुकते. पण गरीब आणि साध्या माणसांनाच कळणारी देवाची तहानही तिच्यात दिसते. तिला नीट वळण द्यायचं, मोडायचं नाही.

आणि हरेगावच का घेतलंस? ते बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं गाव. ऊसवाल्यांची मतमाउली आहे ती. यात्रा ८ सप्टेंबरच्या सुमारास भरते, टोळ्या निघायच्या आधी. शिकवायला याहून चांगली वेळ कुठली? टेम्पोत दोन तास लेकरं बसलेलीच असतात.

जॉर्ज_नाही_जॉर्ज्या

टेम्पोत डीजे असतो साहेब.

बालाघाटचा_पोऱ्या

😄 खरंय.

ताई, ९१४ वं कलम तुम्ही दाखवलंत, त्यातलेच दोन शब्द राहिले: "शक्य तितक्या लवकर". समज आलेल्या लेकरांना तयार करून शक्य तितक्या लवकर कम्युनियन द्यावा, असं ते कलम म्हणतं. आमच्या वस्तीवरची एक पोरगी तेराची झाली, अजून बाकावर बसून दुसऱ्यांना जाताना बघते. तिच्यापेक्षा लहान मामेबहीण पुण्यात राहते, तिचा कधीच झाला. नवोदयवाल्यांना आळा घालायचा तर त्यांना घाला. त्यांच्या सुटीची शिक्षा आमच्या स्थलांतराला कशाला?

धर्मशिक्षिका_जालना

तेरा वर्षं म्हणजे जास्तच झालं, हे मान्य. ही गोष्ट फादरांपर्यंत गेलीय का? जायला हवी.

पण माझा मुद्दा पाठांतराचा नाहीच. वर्गात लेकरू दुसऱ्या लेकरांबरोबर गुडघे टेकतं, गातं, भांडतं, पापनिवेदनाला रांगेत उभं राहून घाबरतं. हे कोपीत एकट्यानं होत नाही. मिस्सा ही घरगुती गोष्ट नाही. तपासणी घेऊन पास-नापास करणं मला हजेरीपेक्षाही वाईट वाटतं. उद्या त्याचीही गाईड निघतील.

कारखाना_साईट

माझे वडील टोळी घेऊन जायचे, मी हंगामी वसतिगृहात राहून शिकलो. एक साधी गोष्ट सुचवतो. कारखान्यांच्या पट्ट्यातही चर्च आहेत. फक्त धर्मप्रांत बदलतो, श्रीरामपूरकडं गेलात तर नाशिकचा, सांगलीला पुण्याचा, पुढं बेळगावचा. दिवाळीआधी इथल्या फादरांनी चिठ्ठी द्यावी: हे लेकरू इथवर शिकलंय. तिकडच्यांनी जमेल तितकं पुढं न्यावं, चिठ्ठीवर लिहून परत पाठवावं. तीच हजेरी धरा. आणि जी लेकरं आजीकडं किंवा वसतिगृहात मागं राहतात त्यांची वेगळी यादी करा, त्यांना तर रविवारी आणणं शक्य आहे, फक्त आणायला कुणी जात नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये धर्मशिक्षकाचं काम ही रीतसर सेवा म्हणून स्थापन केली, बायाबापड्यांसाठीसुद्धा. मग टोळीतल्याच एखाद्या बाईला दोन महिने शिकवून का पाठवू नये? माय_मरिया_पाथरी यांच्या सासूबाई तेच तर करत होत्या.

माय_मरिया_पाथरी

सासू गेल्या. पण मला येतंय ते सगळं. मानधन नको, फक्त मुकादमाला फादरांनी सांगावं, रविवारी दुपारी लेकरांना मोळ्या वाहायला लावू नको म्हणून.

जॉर्ज_नाही_जॉर्ज्या

मुकादम फादरचं ऐकेल? उचल कुणाची आहे, फादरची का मुकादमाची?

धर्मशिक्षिका_जालना

चिठ्ठीचं मला पटतंय, शिक्का आणि तारखा असतील तर. एप्रिलमध्ये आलेल्या लेकरांसाठी मेच्या सुटीत पंधरा दिवसांचा रोजचा वर्गही घेईन, फादरांनी हो म्हटलं तर. पण ७५ टक्क्यांचा नियम गावात राहणाऱ्यांसाठी तसाच राहील, त्यावर मी मागं हटणार नाही.

बालाघाटचा_पोऱ्या

मेचा वर्ग घ्या, मी वस्तीवरची लेकरं गाडीवर आणून सोडतो. नियमावर आपलं भांडण चालू. पोरगी तेराचीच आहे अजून.