गरबा पास बुकिंग: सर्व्हर कुठला घ्यावा?

दांडियाबाजारकर: मंडळी, बडोद्यात गरब्याच्या पासची साइट आम्ही दोघं सांभाळतो, रात्री ८ ला बुकिंग उघडलं की पेज नुसतं गोल गोल फिरत बसतं. डेटाबेस सॉफ्टवेअर पोस्टग्रेस, डेटाबेस ४० जीबी, रॅम १६ जीबी, चार हार्ड डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशा जोडलेल्या). दुकानदार म्हणतो ३२ कोरचा प्रोसेसर घ्या. घेऊ का? नवरात्र तोंडावर आलीय

जुनं_खोड: दुकानदार म्हणणारच. आधी बुकिंग चालू असताना टॉप कमांडमध्ये डब्ल्यूएचा (डिस्कची वाट बघण्यात किती टक्के वेळ जातो त्याचा) आकडा बघ, तो वर असेल तर प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघतोय, अजून कोर आणलेस तर तेही शेजारी बसून वाटच बघणार. रेड ५ मध्ये एक छोटं राइट म्हणजे ४ कामं, जुना डेटा वाच, पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशोब) वाच, मग दोन्ही परत लिही. डेटाबेसला रेड १०च, त्यात पॅरिटी नाही, सरळ दोन प्रती.

दांडियाबाजारकर: काका, ७० च्या वर!! आणि शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसने स्वतःसाठी राखलेली रॅम) १२८ एमबी, कोणी हातच लावला नव्हता 😅

मांजलपूरवाला: ते डिफॉल्ट आहे, रॅमच्या पाव भागापासून सुरू कर. रॅम ६४ जीबी ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) घे, अख्खा डेटाबेस मेमरीत मावेल. हार्ड डिस्कच्या जागी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) घे, मात्र पॉवर लॉस प्रोटेक्शनवालीच (लाइट गेली तरी हातातला डेटा लिहून पूर्ण करणारी), माझी साधी होती, पावसात लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, दोन दिवस बॅकअप चढवत बसलो

दांडियाबाजारकर: मग कोर?

जुनं_खोड: १२ फास्टवाले पुष्कळ. उरलेल्या पैशांची यूपीएसची बॅटरी घे.