नॉकआउटची लेन नाही? मग ब्लॉट परत पाठवा

ब्लॉटपारखी (धागाकर्ता)
एका प्रयोगशाळेतले निष्कर्ष दुसरीत मिळत नाहीत, ही जीवशास्त्रातली ओरड जुनीच. ॲमजेन कंपनीतल्या तपासणीबद्दल बेग्ली आणि एलिस यांनी 2012 मध्ये लिहिलं, की कर्करोगावरच्या 53 गाजलेल्या पेपरांपैकी 6 पेपरांचेच निष्कर्ष तिथे पुन्हा मिळाले. दोष संख्याशास्त्रावर ढकलला जातो. माझा संशय आधी अँटिबॉडीच्या कुपीवर, म्हणजे हवं ते प्रथिन शोधून त्याला चिकटायला विकत घेतलेल्या रेणूवर. अँटिबॉडी तपासणाऱ्या वायकॅरॉस (YCharOS) गटाने 65 प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या 614 अँटिबॉडी नॉकआउट पेशींवर, म्हणजे ते प्रथिन बनवणारं जनुक बंद पाडलेल्या पेशींवर, तपासल्या (निष्कर्ष 2023 मध्ये आले). प्रथिनामागे सरासरी 12 पेपर असे निघाले, की त्यातली अँटिबॉडी ते प्रथिन ओळखतच नव्हती.

म्हणून वेस्टर्न ब्लॉटला नियम हवा. (यात प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर घेतात. प्रत्येक नमुन्याची एक लेन, आणि अँटिबॉडी चिकटते तिथे बँड, म्हणजे पट्टा.) एकाच जेलवर मूळ आणि नॉकआउट पेशी शेजारी-शेजारी, दोन्ही लेनमध्ये मोजून 20 मायक्रोग्रॅम प्रथिन, आणि मेम्ब्रेन न कापता वजनाच्या मार्करसकट दाखवायचं. बँड अपेक्षित वजनाला आला, हा पुरावा नव्हे; नॉकआउटच्या लेनमध्ये तो गायब व्हायला हवा. 50 किलोडाल्टनच्या आसपास शेकडो प्रथिनं असतात. अँटिबॉडीचा लॉट (खेप) क्रमांकही छापा. पॉलिक्लोनल (प्राण्याच्या रक्तातून काढलेलं अँटिबॉडींचं मिश्रण) असेल तर ससा बदलला की अँटिबॉडी बदलली.

फिक्सेटिव्ह
ज्या जनुकाविना पेशी जगतच नाही, त्याचा नॉकआउट आणायचा कुठून? एसआय-आरएनएने (जनुकाचा संदेश तोडणाऱ्या छोट्या आरएनएने) प्रथिनाची पातळी उतरते, शून्य होत नाही. फिका बँड पास की नापास, हे ठरवणार कोण?

नॉकआउटही फसवतो. क्रिस्परने (जनुक कापण्याच्या तंत्राने) दुसऱ्या एक्सॉनमध्ये (प्रथिनाची माहिती असलेल्या जनुकाच्या तुकड्यात) काप दिला, रीडिंग फ्रेम (तीन-तीन अक्षरं वाचण्याची चौकट) बिघडली, सिक्वेन्सिंगही मनासारखं आलं. तरी पेशी कधी पुढच्या एटीजीपासून (वाचन सुरू करण्याच्या खुणेपासून) प्रथिन बनवते, कधी तो एक्सॉनच गाळते, आणि तोकडं प्रथिन काम करत राहतं. अँटिबॉडी एन-टोकाला (प्रथिनाच्या सुरुवातीला) बसणारी असेल तर बँड गायब! अँटिबॉडी पास झाली, पेशी मात्र नॉकआउट नाहीच.

शिवाय ही सगळी परीक्षा एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळून उलगडलेल्या प्रथिनाची. फॉर्मॅलिनमध्ये बसवलेल्या ऊतीच्या कापावर तीच अँटिबॉडी चालेल, याची हमी ब्लॉट देत नाही. नॉकआउटचा क्लोन (एकाच पेशीची संतती) वेगळा करून तपासायला दोन-तीन महिने जातात. छोट्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने तोवर काय करायचं?

पॅसेज_बारा
कुपीवरून भांडताय, पण फ्लास्कमध्ये काय आहे? एमडीए-एमबी-435 या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या, निघाल्या एम14 या मेलानोमाच्या (त्वचेच्या कर्करोगाच्या). त्यांच्यात कितीही निर्दोष नॉकआउट करा.

पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) भांडारातून आणा किंवा आणखी कुठून, आल्या आल्या पाच-सहा व्हायल (कुप्या) गोठवा आणि एसटीआर (पेशींची डीएनए ओळखचाचणी) करून घ्या. नोंदीशी जुळणी 80 टक्क्यांहून कमी असेल तर तिथेच थांबा. मायकोप्लाझ्मा या जिवाणूने पेशी वाढवायचं माध्यम गढूळ होत नाही, तो 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून निसटतो, आणि पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनला दाद देत नाही. पीसीआरचा नमुना गच्च भरलेल्या, दोन-तीन दिवस माध्यम न बदललेल्या फ्लास्कमधून घ्या. ताज्या माध्यमातून घेतलात तर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

ब्लॉटपारखी
@फिक्सेटिव्ह, अत्यावश्यक जनुकांचं मान्य. तिथे वेगवेगळ्या एपिटोपवरच्या (प्रथिनावर चिकटण्याच्या जागांवरच्या) दोन अँटिबॉडी आणि ओळखीचा टॅग लावलेलं प्रथिन चालवू. तोकडं प्रथिन पकडायला सी-टोकाची (प्रथिनाच्या शेवटाची) अँटिबॉडी लावा. वेळेचं कारण मात्र पटत नाही. बऱ्याच प्रथिनांसाठी नॉकआउट लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) तयार विकत मिळतं आणि एका लेनपुरतं थोडंच लागतं.

एन_बरोबर_एक
निदानच चुकतंय. कर्करोग जीवशास्त्राच्या पुनरावृत्ती प्रकल्पात (2021) 23 पेपरांमधले 50 प्रयोग पुन्हा झाले. मूळ सकारात्मक परिणामांशी ताडून पाहिलं तर नव्या परिणामांचं मान, मध्यक धरून, 85 टक्क्यांनी कमी भरलं. चुकीची अँटिबॉडी परिणाम असा आक्रसवत नाही. ती तोच चुकीचा बँड इमानदारीने पुन्हा दाखवते. आक्रसणं येतं लहान नमुन्यातून आणि त्यातले उठावदार आकडे तेवढे छापण्यातून.

एकाच फ्लास्कमधून त्याच दिवशी भरलेल्या तीन वेल (ताटलीतले खळगे) म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) 3 नव्हे, 1. वेगळ्या व्हायल, वेगळे दिवस हवेत. उंदीर असतील तर कोणता उंदीर कोणत्या गटात, हे संगणकाला ठरवू द्या. नमुन्यांना सांकेतिक क्रमांक दुसऱ्याने द्यावेत, आणि मोजणाऱ्याला त्यांचा अर्थ मोजणी संपल्यावरच कळावा.

ब्लॉटपारखी
चुकीचा बँड पुन्हा पुन्हा येतो, हे खरंच. मग तो तुमच्या पुनरावृत्तीच्या चाळणीतूनही सुखरूप बाहेर पडतो. त्याला अडवणारी लेन कुठली, ते सांगा.