आरसी (रिमोटवरच्या) बोटीचा वॉटरप्रूफ स्विच कोणता घ्यावा? वळताना बोट मधेच बंद पडायलीय

शेततळ्याचा कॅप्टन (जिंतूर)
नमस्कार मंडळी, बोट घरीच बनवलेली आहे, प्लायवूडची, अडीच फुटी, ५५० ब्रश मोटर आणि ३एस लिपो (तीन सेलची लिथियम बॅटरी). ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) सोबत जो बारका सरकवायचा स्विच आला त्याला रबराची टोपी होती आणि खोक्यावर वॉटरप्रूफ छापलेलं होतं म्हणून तोच डेकवर बसवला. आता असं व्हायलंय की सरळ चालली तर मस्त, जोरात वळवली की एक सेकंद मुकी होती आणि परत चालू, परवा तर मधोमध थांबून राहिली. टोपी काढून बघितलं तर आत हिरवं हिरवं. शेततळ्यात चालवतो, तीस बाय तीसचं आहे, त्याचा प्लास्टिकचा कागद इतका घसरडा की आत उतरायचा प्रश्नच नाही, वारा येईस्तोवर काठावर बसून राहावं लागतं. मी तीन गोष्टी बघितल्यात: मोटरसायकलच्या दुकानातला रबरी टोपीचा टॉगल, ऑनलाइन मिळतं ते लाइटवालं आयपी६७ पुश बटण आणि चुंबकाचा स्विच. कोणतं घेऊ? एकदा लावलं की परत बघायला लागू नये असं पाहिजे.

वाळूज मेन्टेनन्स
कॅप्टन, आधी हे बघा की तुमचा स्विच तोडतोय काय. त्याच्या वायरी बारीक असतील तर त्यातून मोटरचा करंट जातच नाही, फक्त बीईसीचे (ईएससीतल्याच छोट्या सप्लायचे) ५ व्होल्ट रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेतो तो) आणि सर्व्होला (सुकाणू फिरवणारी बारकी मोटर) जातात. आत पितळी पत्रा असतो, त्यावर हिरवं चढलं की रेझिस्टन्स वाढतो. समजा अर्धा ओहम झाला आणि वळताना सर्व्होनं दोन अँपियर ओढले तर तिथंच एक व्होल्ट गेला, पाचाचे चार राहिले, अजून थोडं खाली गेलं की रिसीव्हर रीसेट. म्हणून सरळ चालती आणि वळताना मरती. खात्री करायची असंल तर मल्टीमीटर डीसी २ व्होल्टवर ठेवून स्विचच्या दोन्ही पायांना लावा आणि रडर (सुकाणू) हातानं दाबून धरून रिमोटची स्टिक हलवा, चांगल्या स्विचवर थोडे मिलिव्होल्ट दिसतात, तुमच्याकडं शेकड्यात दिसतील.

आता आयपी६७ चं. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण पॅनलवर बसवायच्या बऱ्याच बटणांना हे रेटिंग फक्त तोंडाच्या बाजूनं असतं, मागचे सोल्डरचे पाय उघडेच. कंपनीत पॅनलचं तोंड बाहेर आणि मागची बाजू कोरडी असती म्हणून तिथं चालतं, बोटीत मागच्या बाजूलाच पाणी साचतं. आणि त्याची ओ-रिंग (रबरी गोल कडी) डेकच्या वरून बसवा, नटाच्या बाजूनं नाही. प्लायला भोक पाडलं की त्या भोकाची कड इपॉक्सीनं आधी भरून घ्या, नाहीतर पाणी रिंगमधून नाही तर प्लायच्या थरातून आत झिरपतं आणि तुम्ही उगं स्विचला शिव्या घालत बसाल.

मोटरसायकलचा टॉगल वरून पडणाऱ्या पावसासाठी आहे, घेऊ नका. अँपियर बघून घ्यायचंच असंल तर डीसीचा आकडा बघा, २५० व्होल्ट एसीपुढं छापलेला बघून फसू नका. एसी दर सेकंदाला शंभरदा शून्यावर येते म्हणून ठिणगी विझती, डीसीत ती ओढली जाती.

गोदाकाठ (नांदेड)
चुंबकाचा करा राव, डेकला भोकच नको! काचेच्या नळीतला रीड स्विच आतून डेकला चिकटवायचा, वरून चुंबक. फक्त रीडमधून सरळ करंट नेऊ नका, ती अर्ध्या अँपियरची चीज आहे, तिनं मॉस्फेटचं (इलेक्ट्रॉनिक स्विचचं) गेट चालवायचं. जोडणी अशी करा की चुंबक ठेवलं की बंद आणि उचललं की चालू. उलटं केलं तर लाटेनं चुंबक उडालं की बोट तिथंच. रीड मोटरपासून लांब ठेवा, ५५० च्या डब्यात पण चुंबकच आहेत.

शेततळ्याचा कॅप्टन
गोदाकाठ दादा, मग मॉस्फेट सरळ बॅटरीच्या लाइनवर टाकला तर? स्विच एकच राहील, मोटर पण बंद.

गोदाकाठ (नांदेड)
चालतं पण गरम होतं. आयआरएफ ४९०५ घ्या, पी चॅनल, २० मिलिओहमचा. मोटर अडकून ३० अँपियर ओढले तर १८ वॅट होतात, बंद हलमध्ये (बोटीच्या पोटात) हीटसिंक नसंल तर भाजून निघतो आणि मॉस्फेट मेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे बोट बंदच होणार नाही. रिसीव्हरच्या लाइनला तीन अँपियर धरले तर पाव वॅट पण होत नाही. पण तिथं ५ व्होल्टच असतात म्हणून लॉजिक लेव्हलचा घ्या, ४९०५ पाच व्होल्टवर नीट उघडत नाही.

धनेगावचं पाणी (लातूर)
आमच्याकडं २०१६ ला रेल्वेनं पाणी आलं होतं त्यामुळं पाणी दिसलं की आम्ही बोट काढतोच 😄

मी म्हणतो स्विच काढूनच टाका. ईएससीच्या स्विचच्या वायरी कायमच्या जोडा. आधी तपासा मात्र, काही ईएससीत वायरी जोडल्या की चालू होतो तर काहीत सुट्या ठेवल्या की. मग बॅटरीची लाल वायर मधून कापून दोन्ही टोकं एका एक्सटी९०-एस कनेक्टरच्या फिमेलला लावा आणि ते डेकवर बसवा. मेलच्या दोन्ही पिना जाड वायरनं आपसात जोडल्या की झाली चावी. लावली की चालू, उपटली की सगळं मेलं, मोटर सुद्धा, आणि काठावरून दिसतं की चावी लावलीय का नाही. एस असलेलाच घ्या, त्यात आत ५.६ ओहमचा रेझिस्टर असतो, भरलेल्या ३एसच्या १२.६ व्होल्टला घुसताना सव्वादोन अँपियरच जातात म्हणून ईएससीच्या कपॅसिटरची ती चटकन ठिणगी होत नाही. वर पाणी उडालं तरी दोन्ही पिना प्लसच्याच आहेत, एकाच वायरचे दोन तुकडे. प्लस आणि मायनस दोन्ही ओले झाले की ५ व्होल्टवर सुद्धा तांबं विरघळत राहतं.

जुना स्विच ठेवायचाच असंल तर आत सिलिकॉन ग्रीस ठासून भरा, माझ्या मित्राचा तसाच चालायलाय.

वाळूज मेन्टेनन्स
चावीचं एकदम पटलं, पण सिलिकॉन ग्रीसला माझी हरकत आहे. जिथं कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगी पडती तिथं सिलिकॉन जळून काचेसारखा थर बसतो आणि करंट जायचा थांबतो, आमच्याकडं रिलेच्या पॅनलजवळ सिलिकॉनचा स्प्रे आणू देत नाहीत. न हलणाऱ्या कनेक्टरला बाहेरून लावा, तिथं चांगलं आहे. आणि सील करायला सिलिकॉनची ट्यूब आणाल तर वास घेऊन बघा, व्हिनेगरसारखा आंबट असंल तर तांब्याला खातो, न्यूट्रल क्युअर मागा. व्हॅसलीनचं कुणी सुचवणारच आहे म्हणून आधीच सांगतो, आपल्या मे महिन्यात गाडीत ठेवलेल्या बोटीत ते पातळ होऊन खाली वाहतं.

अजून एक, उन्हात तापलेली बोट झाकण लावून गार पाण्यात सोडली की आतली हवा आकसती आणि फटीतून पाणी ओढून घेती. कॅप्टन, तुमच्या बोटीत पाणी बहुतेक असंच शिरतंय. दहा मिनिटं सावलीत झाकण उघडं ठेवा, मग लावा.

शेततळ्याचा कॅप्टन
मीटर लावून बघितलं, रडर दाबला की ६८० मिलिव्होल्ट! जुना स्विच काढला, माझ्या ईएससीत वायरी जोडल्यावरच चालू होतंय. चावीच करतो. एकच शंका, भोक कुठं पाडू? मागं रडरपाशी जागा आहे पण तिथं पाणी लई उडतं.

धनेगावचं पाणी (लातूर)
केबिनच्या मागच्या उभ्या भिंतीवर, तोंड मागं करून, डेकपासून दोन बोटं वर. आडवं बसवलं की खळग्यात पाणी साचत नाही. चावीच्या वायरीला लाल रिबिन बांधा, आणि रिमोट आधी चालू मग चावी, काढताना आधी चावी मग रिमोट. प्रॉपमध्ये (पंख्यात) हात असताना चावी लावू नका. घरी आल्यावर लिपो पण काढून ठेवा.

गोदाकाठ (नांदेड)
आणि त्या कागदावरून कुणी आत उतरू नका बरं, पोरांना तर मुळीच जवळ येऊ देऊ नका. मासे धरायच्या दोरीला टेनिसचा बॉल बांधून बोटीच्या पलीकडं फेकायचा आणि हळूहळू ओढायचं, बोट अडकून काठाला येती.