थार ४x४, २५५/६५ आर१८: महामार्ग आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठी टिकाऊ एटी (ऑल-टेरेन) टायर कसा निवडावा?

मावळवाट:
गाडी थार, तीन दरवाजी, डिझेल, ४x४. टायर मूळचेच, २५५/६५ आर१८ १११टी. ४६,००० किमी झाले. मधली नक्षी ३ मिमी उरली आहे, पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा त्याहून जास्त झिजल्या आहेत. वापर साधारण पाऊण हिस्सा महामार्ग: पुणे-मुंबई द्रुतगती, आणि महिन्यातून एकदा समृद्धीवरून नागपूर. बाकी वेल्हे, मुळशी, भोरकडचे कच्चे रस्ते; म्हणजे मुरूम, सुटी खडी, पावसाळ्यात चिखल. अधूनमधून सोलापूरकडे शेतरस्त्यावर काळी मातीही लागते.

पाचही टायर एकदम बदलायचे की चार पुरेत? साइज २६५/७० आर१८ करावी का? एलटी टायर जास्त टिकतो म्हणतात, ते आपल्या वापराला बसतं का? आणि खडीत साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, कापली जाऊ नये म्हणून टायर घेताना नेमकं काय बघायचं?

चाकधुरा:
दुकानात जायच्या आधी पुढच्या कडांचं बघा. दोन्हीकडे बाहेरची कड आधी गेली म्हणजे टो (पुढच्या चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) बिघडलाय, किंवा हवा कमी ठेवून घाटात वळणं घेतली जातायत. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंटमध्ये खेळ आहे का ते जॅकवर घेऊन हाताने हलवून बघा, खेळ असेल तर तो काढा आणि मगच अलाइनमेंट. हे राहिलं तर नवा टायरही त्याच कडेला खाल्ला जाणार, मग तो कितीही महागातला असो.

साइज. २५५/६५ आर१८ चा व्यास सुमारे ७८९ मिमी, २६५/७० आर१८ चा ८२८. म्हणजे ५ टक्के वाढ. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आत्तापेक्षा ५ टक्के जास्त वेगात असेल. सगळे गिअर तेवढेच लांब होतात, घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा टाकावा लागतो, आणि फुल लॉकला, विशेषतः एक चाक दबलेलं असताना, टायर कमानीच्या प्लास्टिकला घासू शकतो. बदल्यात जमिनीपासूनची उंची वाढते जेमतेम २० मिमी. शिवाय थारचं स्टेपनी मागच्या दारावर लटकतं. वजन वाढलं की खराब रस्त्यावर प्रत्येक धक्का दाराच्या बिजागऱ्यांना बसतो. तुमच्या वापराला मूळ साइजच ठेवा. आरसीवरचा प्रकार, विमा, वॉरंटी हे प्रश्नही मग उभे राहत नाहीत.

एलटीबद्दल गैरसमज फार आहे. एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा टायर. २६५/७० आर१७ एलटी, ई रेंज (जास्त भाराचा वर्ग), यावर १२१/११८ असा भारांक असतो, म्हणजे एका टायरवर १,४५० किलो. पण तो भार ८० पीएसआय हवा भरल्यावरचा. थार माणसं-सामान धरून सव्वादोन टनांच्या आसपास जाते, तिला त्याची गरज नाही. कडक आवरणामुळे गाडी उसळते, टायर जड असल्याने ब्रेक, सस्पेन्शन आणि मायलेज तिघांवर भार येतो. रोज दगडांवर जाणाऱ्या किंवा छतावर तंबू आणि मागे पाण्याच्या टाक्या घेऊन फिरणाऱ्या गाडीला एलटी शोभतो. तुम्हाला साधा १११ किंवा त्याहून वरचा भारांक (१११ म्हणजे १,०९० किलो) आणि किमान एस वेगश्रेणी (१८० किमी) पुरे. मूळ भारांकाच्या खाली मात्र एक आकडाही उतरू नका.

पाचही बदला. दोनच नवे घातले तर ४एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावल्यावर त्रास होतो. नव्या टायरची नक्षी ११ मिमी आणि जुन्याची ४ असेल तर व्यासात १४ मिमीचा फरक, परिघात ४४. या साइजचं चाक एका किलोमीटरला सुमारे ४०० फेरे मारतं, म्हणजे दर किलोमीटरला पुढच्या-मागच्या धुऱ्यात १८ मीटरचा हिशोब जुळत नाही. निसरड्यावर टायर घसरून तो जुळवून घेतो, कोरड्या डांबरावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) जातो. स्टेपनीही त्याच मापाचं, त्याच झिजेचं हवं, म्हणून पाच चाकांचं रोटेशन दर ८,००० किमीला: मागची सरळ पुढे, पुढची फुली मारून मागे, आणि दर वेळी स्टेपनी एका कोपऱ्यात आणून तिथलं चाक दारावर. नक्षीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर फुली चालत नाही. हवेचे सेन्सर असतील तर स्टेपनीत आहे का ते तपासा, आणि टायर उतरवणाऱ्याला व्हॉल्व्हजवळ सेन्सर आहे हे आधीच सांगा, नाहीतर मशीनच्या पात्याखाली तो तुटतो.

बसाल्ट:
साइडवॉलचं मी सांगतो. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत किती थर आहेत ते कोरलेलं असतं: ट्रेडखाली (जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाखाली) इतके पॉलिस्टर, इतके स्टील, इतके नायलॉन, आणि साइडवॉलला इतके पॉलिस्टर. साइडवॉलला २ ऐवजी ३ थर असतील तर आपल्या फुटक्या काळ्या दगडासमोर तो जास्त तग धरतो. मग खांद्यावर बोट फिरवून बघा. नक्षीचे ठोकळे कडेवरून खाली साइडवॉलवर इंचभर तरी उतरलेत का? उतरले असतील तर चाकोरीच्या कडेचा दगड आधी त्या रबराला घासतो, मागच्या पातळ भागाला नाही. ठोकळ्यांमधल्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे दिसले तर चांगलं, ते अडकलेला खडा बाहेर ढकलतात. ते नसतील तर टोकदार खडी महामार्गाच्या वेगात रबरात शिरत जाते आणि स्टीलच्या पट्ट्यापर्यंत पोचते. म्हणून खडीच्या रस्त्यावरून डांबरावर आलात की दोन मिनिटं थांबा, बोथट स्क्रूड्रायव्हरने खडे काढा.

तुमच्याकडे महामार्ग जास्त, म्हणून ठोकळ्यांवर बारीक चिरा भरपूर आणि खोल असलेला सौम्य एटी घ्या. या चिराच ओल्या डांबरावर पकड देतात. काही टायरमध्ये त्या वरवरच्या असतात, अर्धी नक्षी झिजली की नाहीशा होतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यापासून ब्रेकिंग बिघडतं. एटीचं ओल्या रस्त्यावरचं थांबणं तसंही एचटीपेक्षा (महामार्गाच्या टायरपेक्षा) साधारणपणे थोडं लांबतं, अंतर जास्त ठेवा. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, पण घाटात पावसात ३ मिमीवरच टायर काढा. तुमचे काढायच्या बेतात आहातच, हे योग्य.

अपोलो अ‍ॅप्टेरा एटी२, योकोहामा जिओलँडर एटी, सीएट क्रॉसड्राइव्ह एटी, ब्रिजस्टोन ड्युएलर एटी ही नावं दुकानात पुढे येतील. तुमच्या साइजला, १११ भारांकात यातला कुठला हजर आहे ते विचारा आणि वरच्या खुणांवर तोलून घ्या. आयात टायर कोणी दाखवला तर तारीख आवर्जून बघा: जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली आहे, त्यामुळे काही ठिकाणी जुना माल पडून असतो. साइडवॉलवरच्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर दुसरा मागा, आणि पाचही टायरवर तारीख तपासा, एकावर नाही.

काळीमाती:
काळ्या मातीबद्दल स्पष्ट सांगतो, कारण इथे टायरकडून चुकीची अपेक्षा ठेवली जाते. मुरमावर, जांभ्याच्या लाल चिखलात एटी छान चालतो. काळी माती वेगळी. पाऊस पडून गेल्यावर ती फुगते आणि लोण्यासारखी होते. पहिल्या पन्नास मीटरमध्ये खाचा भरतात, चाक चारी बाजूंनी गुळगुळीत काळा गोळा दिसायला लागतं. मग नक्षी कुठली आहे याने काही फरक पडत नाही. एमटीच्या (खास चिखलाच्या टायरच्या) रुंद खाचा माती फेकून देतात, पण पाऊण हिस्सा महामार्गासाठी एमटी घेणं म्हणजे आवाज, ओल्यातलं कमी ब्रेकिंग आणि लवकर झीज विकत घेणं. त्यापेक्षा अशा रस्त्यावर पावसानंतर एक-दोन दिवस वरचा थर सुकेपर्यंत जाऊच नका.

जावंच लागलं तर सुरुवातीलाच ४एल (चारही चाकांना ताकद, कमी वेग, जास्त जोर), दुसरा गिअर, हवा १८ ते २० पीएसआय, आणि थांबायचं नाही. चाक भरलंय असं वाटलं की एक-दोन सेकंद ॲक्सिलरेटर दाबून माती उडवा, पुन्हा हलका पाय. जागच्या जागी सतत चाक फिरवलं तर गाडी पोटावर बसते, मग ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. १५ च्या खाली हवा नेऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो.

मावळवाट:
सगळ्यांचे आभार. मूळ साइज, पाच टायर, सौम्य एटी हे ठरलं. हवेचं जरा सविस्तर सांगाल का? खडीवर किती उतरवायची, आणि उन्हाळ्यात समृद्धीवर किती ठेवायची?

बसाल्ट:
खडीवर जास्त उतरवायची चूक करू नका. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, धक्का आणि घसरणं दोन्ही कमी होतं, पण साइडवॉल बाहेर फुगते आणि टोकदार दगडासमोर येते. सुट्या खडीला २४ ते २६, ठोकळदगडांवर सावकाश चढायचं असेल तर २० ते २२, वेग ताशी ३० च्या आत. समुद्राच्या वाळूसाठी आकडा मुद्दाम देत नाही. किनाऱ्यावर गाडी घालू नका. वेळासपासून खाली कोकणात कासवं अंडी घालतात आणि चाकाखाली घरटी दबतात.

परत वर आल्यावर हवा भरल्याशिवाय महामार्गाला लागायचं नाही. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर थेट बॅटरीला क्लिप लावून चालवा, लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला तर फ्यूज उडतो.

चाकधुरा:
समृद्धीवर टायर फुटण्यामागे बहुतेकदा हवा कमी असणं, जुनं रबर किंवा आधीच मार खाल्लेली साइडवॉल असते. कमी हवेचा टायर दर फेऱ्यात जास्त वाकतो, त्यातून उष्णता, आणि विदर्भाच्या मे महिन्यात खालचं काँक्रीट आधीच तापलेलं. एटीचे उंच ठोकळे तर एचटीपेक्षाही जास्त हलतात. म्हणून सकाळी, गाडी तीन तास उभी असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा. पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिला असेल तर प्रवासात तो. उन्हाळा आहे म्हणून दोन-तीन पीएसआय कमी भरायची पद्धत घातक आहे. चालवून हवा ४ पीएसआयने वाढली तर ठीक, ती सोडू नका. ६-७ ने वाढली तर सकाळी कमी भरली होती किंवा वेग जास्त आहे. १२० ची मुभा असली तरी एटीवर सलग ९५-१०० ठेवा, दर दीडशे किलोमीटरला थांबून साइडवॉलवर हात फिरवा. फुगा हाताला लागला तर तो टायर तिथेच स्टेपनीने बदला. फुग्याला दुरुस्ती नाही. पंक्चरही फक्त मधल्या ट्रेडवर, आणि लांबच्या प्रवासासाठी वातीवर (बाहेरून भोकात ठासलेल्या रबरी पट्टीवर) न थांबता आतून पॅच लावून.

नवे टायर बसवल्यावर पहिले ३०० किमी जोरात ब्रेक मारू नका, नट ५० ते १०० किमीनंतर टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर पुन्हा तपासा. आणि चिखलातून आल्यावर ८०-९० ला स्टिअरिंग थरथरायला लागलं तर बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी रिमच्या आतली बाजू पाइप लावून धुवा. मूठभर सुकलेला चिखलही तेवढीच थरथर आणतो.